डोहातला गिऱ्हा रंगमंचावर: कुडाळ तालुक्यातील एका किशोर नाट्यगटाचे प्रकरण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या काठच्या काही वाड्यांतील 12 ते 18 वर्षे वयोगटातील मुलामुलींचा एक नाट्यगट उन्हाळी सुट्टीत लहान नाटके बसवतो. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात या गटाने राक्षस आणि साहस या सूत्राभोवती तीन नाटुकली एकाच संध्याकाळी सादर करण्याचे ठरवले. त्यांपैकी एका नाटुकल्याच्या जाहीर तालमीत प्रेक्षकांतील लहान मुले इतकी घाबरली की ते नाटक ठेवावे की काढून टाकावे, असा प्रश्न गटापुढे उभा राहिला. गटाने या प्रश्नाचा विचार कसा केला, नाटकात कोणते बदल केले आणि त्या बदलांचा प्रेक्षकांवर काय परिणाम झाला, याची ही नोंद आहे. मुले अल्पवयीन असल्यामुळे गटाचे, गावाचे आणि कोणत्याही व्यक्तीचे नाव येथे दिलेले नाही. तालमींच्या काळात मी या गटाबरोबर प्रकाशयोजनेचे काम पाहत होतो, त्यामुळे जे लिहिले आहे ते जवळून पाहिलेले आहे.

पार्श्वभूमी

राक्षस हा विषय मुलांनीच निवडला आणि त्यात नवल नव्हते. या भागात वेताळाची देवळे आहेत आणि त्याला चामड्याच्या वहाणा अर्पण करण्याची रीत आहे. रात्री गावाची राखण करत फिरणारा देवचार आहे. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, वाटसरूला वाट चुकवून गोल गोल फिरवणारा चकवा आहे. विहिरीत, ओढ्यात आणि नदीच्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, गिऱ्हा नावाचे पाण्यातले भूत आहे. ही सगळी मंडळी आजीच्या बोलण्यातून मुलांच्या ओळखीची झालेली असतात. त्यांतले काही रक्षण करतात, काही छळतात, आणि काही कोणत्या क्षणी काय करतील याचा भरवसा नसतो. एका साच्यातल्या दुष्ट राक्षसापेक्षा नाटकाला हे फार उपयोगी पडते.

त्याशिवाय येथे दशावतार आहे. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या नाटकाच्या पूर्वभागात, म्हणजे आडदशावतारात, संकासुर येतो. ब्रह्मदेवाकडून वेद चोरणारा हा असुर अंगभर काळा वेष आणि डोक्यावर उंच टोपी घालून येतो, मालवणीत बोलतो, इतरांची फिरकी घेतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. देव अलंकारिक ग्रंथभाषेत बोलतात आणि असुर घरातल्या भाषेत बोलतो, त्यामुळे लहान मुले ज्याला घाबरतात त्याच्याच बोलण्यावर सर्वांत जास्त हसतात. गटातील बहुतेक मुलांनी रंगमंचावरचा आपला पहिला राक्षस असा पाहिलेला आहे.

मराठी बालरंगभूमीचा शहरी प्रवाह वेगळ्या वाटेने आला. सुधा करमरकर यांनी 1959 मध्ये 'लिटल थिएटर' सुरू केले आणि रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. पुढे मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'मध्ये दिलीप प्रभावळकर यांनी चिंची चेटकीण केली, आणि 2018 मध्ये त्या नाटकाच्या नव्या संचात तीच भूमिका वैभव मांगले यांच्याकडे आली. चिंचीला मुले घाबरतात, पण तिच्याशी भांडायलाही उभी राहतात. मुलाला नाट्यगृहात किती घाबरवायचे याचे मराठी रंगभूमीने काढलेले हे एक उत्तर आहे. गटाची दिग्दर्शिका नाट्यशास्त्राचे पदवी शिक्षण घेऊन गावी परतलेली तरुणी होती आणि तिला हा प्रवाह चांगला माहीत होता. गटाचे दुसरे मार्गदर्शक निवृत्त दशावतारी कलावंत होते. त्यांनी अनेक वर्षे संकासुर आणि राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसांच्या भूमिका, केलेली होती. मुले दिग्दर्शिकेला ताई आणि त्यांना आबा म्हणत. पुढे जो निर्णय झाला, तो या दोघांच्या विचारांच्या घासाघाशीतून झाला.

तीन नाटुकली

पहिले नाटुकले बकासुराचे होते. एकचक्रा नगरीत बकासुराकडे गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाठवण्याची पाळी कोणाच्या घराची, यावर भरलेली ग्रामसभा त्यात दाखवली होती. बकासुर शेवटच्या काही मिनिटांतच येई. मोठ्यांना हे सर्वांत आवडले, कारण सभेतली माणसे त्यांना ओळखीची वाटली. लहानांना त्यात फारसा रस नव्हता. दुसरे नाटुकले चकव्याचे होते. रात्री जत्रेहून परतणारी तीन भावंडे सड्यावर वाट चुकतात आणि पुन्हा पुन्हा त्याच काजूच्या झाडाशी येऊन पोहोचतात. चकवा त्यात दिसतच नाही, फक्त वाट बदलते. ते हलकेफुलके आणि नेमके झाले आणि त्याने कोणालाही त्रास दिला नाही.

तिसरे 'गिऱ्हा'. नदीच्या कोंडीत पाडस पडले म्हणून चार मुले तिन्हीसांजेला पाण्यापाशी जातात आणि गिऱ्हा त्यांतल्या एकीला ओढून नेतो. उरलेली तिघे तिला परत आणतात. पहिल्या संहितेत शेवटी गिऱ्हा मारला जात असे.

गिऱ्हा तयार करण्यात मुलांनी आपले सर्वस्व ओतले होते. मालवणच्या किनाऱ्यावरून टाकून दिलेली मासेमारीची जाळी आणली गेली, ती अनेकदा धुतली तरी तिचा वास शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही. जाळीत काथ्याच्या बटा गुंफल्या, पोफळीच्या विरी (पानांच्या देठाची रुंद आवरणे) शिवून खवल्यांसारखा थर केला आणि बांबूच्या कांबटांच्या तीन कड्यांवर ते सगळे ताणले. आत चार जण असत. सर्वांत पुढे डोके धरणारी 16 वर्षांची मुलगी होती. डोळे करवंट्यांचे होते आणि आत बॅटरीवरचे छोटे दिवे होते. आवाजासाठी पायपेटीचे सर्वांत खालचे दोन सूर एकत्र दाबून भाता हळूहळू सोडला जाई, आणि त्यातून पाण्याखालून कोणीतरी श्वास घेत आहे असा भास होई. हा शोध पेटी वाजवणाऱ्या मुलाचा होता आणि माझ्या मते सबंध प्रयोगातली ती सर्वांत प्रभावी गोष्ट होती.

डोके धरण्यासाठी मुलीची निवड झाली तेव्हा आबांना प्रथम संकोच वाटला, कारण दशावतारात राक्षसाची भूमिका पुरुषच करत आलेले आहेत. मात्र तिचा आवाज आणि तोल पाहिल्यावर त्यांनी तिला राक्षसाची चाल शिकवायला घेतले. पाय फाकलेले असावेत, वजन टाचांवर यावे, मान आधी वळावी आणि खांदे नंतर, थांबायचे ते पूर्ण थांबायचे. राक्षस सतत हलत राहिला तर तो माकड दिसतो, ही त्यांची सूचना तिने शेवटपर्यंत पाळली. आबांची एकच मागणी गटाने नाकारली. जुन्या प्रयोगांत असुराच्या प्रवेशाला मशालीवर राळ फेकून भडका उडवत, तसा एक भडका त्यांना हवा होता. नायलॉनच्या जाळीत चार मुले असताना कोणतीही उघडी ज्योत रंगमंचाच्या जवळ येणार नाही असे ताईने ठामपणे सांगितले आणि आबांनी ते मानले.

जाहीर तालमीत काय घडले

अंतिम प्रयोगाच्या सुमारे दहा दिवस आधी देवळाच्या सभामंडपात वाडीतील मुलांसाठी जाहीर तालीम ठेवली. प्राथमिक शाळेतली मुले होती आणि त्यांच्याबरोबर अंगणवाडीतली लहान भावंडेही आली होती. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सर्वांत लहान मुले सर्वांत पुढे जमिनीवर बसली आणि मोठी माणसे मागे खांबांना टेकून उभी राहिली.

गिऱ्ह्याचा प्रवेश तेव्हा असा बसवला होता: मुख्य बटण बंद करून पूर्ण अंधार करायचा, पेटीचा श्वास सुरू करायचा आणि गिऱ्हा प्रेक्षकांच्या मागून, मधल्या वाटेने, दिवे बंद ठेवून पुढे आणायचा, मंचाजवळ आल्यावर करवंट्यांचे डोळे पेटवायचे. कल्पना नाट्यमय होती आणि मोठ्या मुलांवर ती अचूक लागू पडली. लहान मुलांनी मात्र अंधारात मागून येणाऱ्या आवाजापासून पुढे पळण्याचा प्रयत्न केला, आणि पुढे मंच असल्यामुळे ती एकमेकांवर आदळली. एक मुलगा पडला आणि त्याच्या गुडघ्याला खरचटले. दिवे लावले गेले, तालीम थांबली. एका पाच वर्षांच्या मुलीने त्यानंतर अनेक रात्री एकटीने झोपायला नकार दिला आणि दिवेलागणीनंतर ती परसातल्या विहिरीकडे जाईना. तिच्या आईने दिग्दर्शिकेला भेटून हे सांगितले. तिने तक्रार म्हणून नव्हे तर काळजीपोटी सांगितले, आणि त्यामुळेच गटाने ते अधिक गंभीरपणे घेतले असावे.

आक्षेप तेवढ्यावर थांबले नाहीत. काही वडीलधाऱ्यांना अशा गोष्टींचे नाव देवळाच्या मंडपात काढणेच पसंत नव्हते. याच्या अगदी उलट दिशेने एका शिक्षकांनी हरकत घेतली: कोंडीत खरोखर गिऱ्हा राहतो असे मुलांच्या मनावर ठसवणे म्हणजे अंधश्रद्धा पसरवणे आहे, आणि राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा असताना शाळकरी मुलांनी असे नाटक करू नये. कायद्यासंबंधीचा त्यांचा मुद्दा ताईने तपासून पाहिला. भूत-पिशाच्चाच्या नावाने लोकांना फसवणे, धमकावणे, त्यांच्यात घबराट पसरवणे, उपचारांपासून रोखणे अशा कृत्यांवर तो कायदा बोट ठेवतो. कल्पित म्हणून सादर होणारे नाटक त्यात येत नाही. तरी शिक्षकांच्या बोलण्यातला दुसरा भाग तिने सोडून दिला नाही. नाटक संपल्यावर त्या पाच वर्षांच्या मुलीजवळ काय उरते, हा प्रश्न कायद्याच्या बाहेरचा होता आणि त्याला उत्तर देणे गटालाच भाग होते.

पर्यायांवरील चर्चा

त्यानंतरची बैठक मुलांनी चालवली. ताई आणि आबा उपस्थित होते, पण पहिला तासभर दोघेही बोलले नाहीत, आणि हे त्यांनी ठरवून केले होते.

नाटक काढून टाकावे असे म्हणणारे थोडे होते. त्यांचे म्हणणे असे की उरलेली दोन नाटके चांगली आहेत आणि कार्यक्रम त्यांच्यावर उभा राहू शकतो. बऱ्याच जणांना गिऱ्हा विनोदी करावा असे वाटत होते: त्याला अडखळत चालवावे, त्याला पाण्याचीच भीती वाटते असे दाखवावे. दोन-तीन जणांनी वयाची अट सुचवली. गावातल्या मोकळ्या मंडपात वयाची अट पाळता येत नाही, हे लगेच लक्षात आले. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटा भाऊ येणारच.

विनोदी गिऱ्ह्याचा पर्याय एका तालमीत करून पाहिला गेला आणि तो पडला. गिऱ्हा हास्यास्पद झाला की त्याने ओढून नेलेल्या मुलीला धोका उरत नाही, धोका उरला नाही की तिला आणायला जाणाऱ्या तिघांच्या जाण्याला काही किंमत राहत नाही, आणि मग साहस म्हणून जे काही नाटकात होते ते नुसती धावपळ होऊन बसते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची समज हीच होती, आणि ती कोणा मोठ्याने सांगितली नाही. जाळीच्या शेपटाकडच्या टोकाला असणाऱ्या 13 वर्षांच्या मुलाने ती मांडली. घाबरवणे वाईट असते तर आजीने गिऱ्ह्याची गोष्ट सांगितलीच नसती, असे त्याचे म्हणणे होते. ती गोष्ट सांगताना आजी जवळ बसलेली असते आणि दिवा चालू असतो, हेही त्याने जोडले.

याच ठिकाणी आबांनी तोंड उघडले. संकासुर प्रेक्षकांत घुसतो तेव्हा पूर्वी पेट्रोमॅक्सच्या आणि आता विजेच्या भरपूर उजेडात घुसतो, त्यामुळे मुलाला पळायला कोणती दिशा आहे ते दिसते, आई कुठे बसली आहे ते दिसते. शिवाय संकासुर येण्याआधी त्याचे बोलणे येते. त्याला काय हवे आहे ते मुलाला आधीच कळलेले असते. आबांनी अंधार आणि अचानकपणा या दोन गोष्टींवर बोट ठेवले आणि सांगितले की या दोन्ही गोष्टी काढूनही राक्षस भीतिदायक राहतो, राहिला नाही तर तो नटाचा दोष समजावा.

ताईने याला वाचनाची जोड दिली. अमेरिकेतील संशोधक जोआन कँटर यांच्या मुलांच्या भीतीवरील अभ्यासांतून असे दिसले आहे की साधारण सात वर्षांखालील मुले प्रामुख्याने दिसणाऱ्या रूपाला घाबरतात, तर त्याहून मोठी मुले खरोखर घडू शकेल अशा गोष्टींना अधिक घाबरतात. म्हणून लहान मुलाला हे खोटे आहे असे नुसते तोंडाने सांगून फारसा उपयोग होत नाही. जवळच्या माणसाचा स्पर्श आणि रूप कसे तयार होते ते प्रत्यक्ष पाहणे, यांचा उपयोग जास्त होतो. गिऱ्ह्याच्या बाबतीत याचा अर्थ असा होता की एकाच मंडपात दोन वेगवेगळ्या भीती बसलेल्या होत्या: लहानांना करवंटीचे डोळे घाबरवत होते आणि मोठ्यांना कोंड घाबरवत होती, कारण पावसाळ्यात अशा कोंडीत माणसे खरोखर बुडतात हे त्यांना माहीत होते.

केलेले बदल

सर्वांत वादग्रस्त बदल आरंभाचा होता. नाटक सुरू होण्याआधी चौघे कलाकार साध्या कपड्यांत भर उजेडात मंचाच्या कडेला येतील, जाळी जमिनीवर पसरतील, लहान मुलांना पुढे बोलावून काथ्या आणि विरींना हात लावू देतील, करवंट्यांतले दिवे लावून-विझवून दाखवतील आणि सर्वांसमक्ष जाळीत शिरतील, असे ठरले. याला मोठ्या मुलांचा कडवा विरोध होता. इतक्या मेहनतीने केलेले गुपित आपणच फोडायचे, हे त्यांना पटत नव्हते, आणि त्यांची बाजू मला समजत होती. रंगमंचावर माया निर्माण करणाऱ्याला पहिली ओढ ती झाकण्याचीच असते. ताईने त्यांना एकदा करून पाहण्याची विनंती केली आणि गटातल्याच कलाकारांच्या धाकट्या भावंडांपुढे ते करून पाहिले. मुलांनी जाळी हाताळली, डोळे लावून पाहिले, आतल्या मुलांची नावे मोठ्याने घेतली. आणि नंतर पायपेटीने श्वास घेतला तेव्हा तीच मुले गप्प होऊन एकमेकांना चिकटली. आतल्या माणसाची ओळख असूनही भीती आली. फरक इतकाच की भीती अंगावर येऊ लागली की मुले जाळीतल्या मोठ्या मुलीला नावाने हाक मारत आणि स्वतःला सावरत. विरोध तेथे संपला.

प्रवेशाची दिशा बदलली. गिऱ्हा आता प्रेक्षकांच्या मागून न येता मंचाच्या उजव्या बाजूला, जेथे निळ्या कापडाने कोंड दाखवली होती, तेथूनच येई. कथकली आणि यक्षगानात दोन माणसे हातात धरतात तसा एक पडदा दोन मुलांनी कोंडीपुढे धरला. आधी त्या पडद्याच्या खालून काथ्याची बट सरके, मग वरून डोक्याचे टोक दिसे, मग एक डोळा, आणि बऱ्याच वेळाने पडदा खाली जाई. प्रवेशाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू लागला आणि तो वेळच परिणामकारक ठरला. पूर्ण अंधार काढून टाकला. प्रकाशाची बाजू माझ्याकडे असल्यामुळे हे सांगू शकतो की मंडपाच्या दोन्ही बाजूंना मंद दिवे चालू ठेवूनही कोंडीभोवतीची काळोखी टिकवता येते. त्यासाठी मंचावरचा प्रकाश एका बाजूने आणि खालून द्यावा लागतो आणि मागची भिंत अंधारी ठेवावी लागते. आसनव्यवस्थाही बदलली. अगदी लहान मुले पुढे न बसता कडेच्या वाटांजवळ आपापल्या माणसांच्या मांडीवर बसतील, अशी सूचना प्रयोगाआधी मालवणीत दिली जाई.

संहितेतला बदल यांहून खोल होता. गिऱ्ह्याला मारणे मुलांना आता खोटे वाटू लागले, कारण कोंड तर तेथेच राहणार होती. चर्चेत महाभारतातला यक्ष निघाला: तळ्याचे पाणी प्यायला आलेले पांडव एकेक करून निश्चेष्ट पडतात आणि युधिष्ठिर प्रश्नांची उत्तरे देऊन त्यांना परत मिळवतो. गिऱ्ह्याला प्रश्न विचारू द्यावेत असे ठरले, पण धर्म-अधर्माचे नव्हे, नदीचे. कोंडीचा तळ कोणत्या दगडापाशी एकदम तुटतो, पहिल्या पावसानंतर पाण्याचा रंग कोणत्या बाजूने आधी बदलतो, बुडणाऱ्याला हात द्यावा की काठी. ही माहिती मुलांनी गावातल्या मासे धरणाऱ्या माणसांकडून गोळा केली. गिऱ्ह्याची भाषा बदलली, पूर्वीच्या संस्कृतप्रचुर गर्जनांच्या जागी तो हळू आवाजात, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा, "खंय चल्लास रे?" (कुठे चाललास रे?) असे विचारू लागला, आणि त्याने अनेक मोठ्यांच्याही अंगावर काटा आला. शेवटी उत्तरे मिळाल्यावर तो मुलीला सोडतो आणि पाण्यात परत जातो. मुले खोल जागेच्या काठावर लाल कापड बांधलेला बांबू रोवतात. शिक्षकांच्या हरकतीला गटाने दिलेले हे उत्तर होते, आणि पुढच्या तालमीला बसल्यावर त्यांनी आपली हरकत मागे घेतली. प्रश्नांच्या यादीत दोन सुधारणाही त्यांनीच सुचवल्या.

कलाकारांच्या दृष्टीनेही काही शिस्त आली. मे महिन्याच्या उकाड्यात जाळीखाली राहणे कठीण असते, म्हणून सलग सहा-सात मिनिटांपेक्षा अधिक काळ कोणीही आत राहणार नाही असे ठरले आणि त्यानुसार प्रवेश तोडले. व्यावसायिक बालकलाकारांसाठी 2017 च्या केंद्रीय नियमांत दिवसाला पाच तासांची आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांची मर्यादा आहे. हौशी गटाला ती लागू होत नसली तरी ताईने ती सर्व तालमींना लावली. ध्वनिक्षेपकावर रात्री दहानंतर बंदी असल्यामुळे तीनही नाटुकली साडेसातला सुरू करून साडेनऊच्या आत संपवायची होती, आणि गिऱ्ह्याचा प्रवेश लांबल्यामुळे जो वेळ गेला तो बकासुराच्या सभेतून काढावा लागला. ही कात्री मला अजूनही खटकते. सभेतला विधवा म्हातारीचा एक सुंदर प्रवेश त्यात गेला.

प्रयोग आणि त्यानंतर

अंतिम प्रयोग सलग दोन रात्री झाले. पहिल्या रात्री गिऱ्ह्याच्या प्रवेशाला काही लहान मुले रडली, पण पळापळ झाली नाही. कडेला बसलेल्या आया मुलांना घेऊन मंडपाबाहेर जाऊ शकल्या, आणि त्यांतल्या बहुतेक काही मिनिटांनी परत आल्या, कारण पुढे काय झाले हे मुलांनाच पाहायचे होते. दुसऱ्या रात्री एक अनपेक्षित गोष्ट घडली. गिऱ्ह्याने प्रश्न विचारताच प्रेक्षकांतून उत्तरे येऊ लागली, प्रथम मोठ्या मुलांकडून आणि मग दोन-तीन मासेमार गड्यांकडून. मंचावरची तीन मुले क्षणभर गोंधळली. डोके धरणाऱ्या मुलीने मात्र आबांनी शिकवल्याप्रमाणे पूर्ण थांबून मान प्रेक्षकांकडे वळवली आणि तो प्रश्न त्यांनाच पुन्हा विचारला. दशावतारातला नट लिखित संहितेशिवाय उभा राहतो, त्याचे बळ त्या क्षणी तिच्यात दिसले. आबा विंगेत उभे होते. त्यांनी तिला नंतर काय सांगितले ते तिने कोणाला सांगितले नाही.

ती पाच वर्षांची मुलगी दुसऱ्या रात्री आईबरोबर आली होती. आरंभी तिने जाळीला हात लावला, डोळ्यांना लावला नाही. नाटक सुरू होताच तिने तोंड आईच्या पदरात लपवले आणि शेवटचा बांबू रोवला जाईपर्यंत ती अधूनमधूनच बाहेर डोकावत राहिली. त्यानंतर तिची झोप लवकर पूर्ववत झाली असे तिच्या आईने सांगितले. यावरून मोठा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही, कारण दहा दिवस उलटून गेल्यावर बहुतेक मुलांची अशी भीती आपोआप ओसरतेच.

गटात एक मतभेद शिल्लक राहिला. मोठ्या मुलांपैकी काहींचे म्हणणे आहे की आरंभीचे उघड दाखवणे फक्त लहान मुले प्रेक्षकांत असतील तेव्हाच करावे. कॉलेजच्या किंवा स्पर्धेच्या प्रयोगात गिऱ्हा पूर्ण गुपित राहावा आणि अंधारातूनच यावा. ताईला हे मान्य आहे. आबांना नाही, राक्षस तयार होताना पाहिलेल्या माणसाला त्याची भीती जास्त वाटते, असे ते म्हणतात, आणि दशावतारी कलावंत स्वतःचे रंगकाम स्वतः करतात याचा दाखला देतात. पुढील दिवाळीच्या सुट्टीत गट दोन्ही पद्धतींनी एकेक प्रयोग करणार आहे. जाळीचा मधला भाग उंदरांनी कुरतडल्यामुळे त्याआधी नवी जाळी आणावी लागेल, आणि या वेळी ती चौघांऐवजी तिघांना पेलेल इतकी हलकी करण्याचा मुलांचा विचार आहे.